पाच मोजायचे आणि दाबायचं

"घोरतोय ना मॅडम, म्हंजे झोप लागली त्येला. झोपू दे वाईच."

हे मला सांगणारी बाई त्या पोराची काकी होती आणि ती अगदी मनापासून सांगत होती. देवरुखच्या पुढची एक वाडी, जूनचा दुसरा आठवडा, पाऊस नुकता लागलेला, डांबरावर लाल मातीचा राप आणि त्यावरून बाइक घसरलेली. पोरगा बावीस-तेवीसचा. लोकांनी त्याला उचलून जवळच्या घराच्या पडवीत आणला, चटईवर उताणा निजवला, डोक्याखाली एक नाही दोन उशा दिल्या, अंगावर चादर घातली, कुणी पायाला हळद लावली. ज्याला जे चांगलं सुचलं ते त्यानं केलेलं. आणि तो मोठ्यानं घोरत होता, सगळी पडवी ऐकेल असा, म्हणून सगळे जरा निवांत झाले होते.

मी १०८ च्या अँब्युलन्सवर लागून तेव्हा तीनच महिने झाले होते. मी उशा काढल्या, त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्यामागं घालून जबडा वर उचलला, मान न हलवता. घोरणं एकदम बंद झालं. आणि काकीनं हंबरडा फोडला, कारण तिला वाटलं पोरगा गेला.

गेला नव्हता. आवाज थांबला म्हणजे हवा अडथळ्याशिवाय आत जायला लागली होती. त्याची छाती आता कुठं नीट वर येत होती. मी काकीचा हात त्याच्या छातीवर ठेवायला लावला, कारण तोंडानं सांगून तिला पटलं नसतं, आणि मला जबडा सोडता येत नव्हता म्हणून तो हात मी पायलट काकांना, म्हणजे आमच्या गाडीच्या ड्रायव्हरना, धरायला लावला, हे मला आठवतंय. ती बराच वेळ तशीच बसली, हात छातीवर, रडत, आणि हळूहळू तिला कळत गेलं की हे वर येतंय, खाली जातंय.

बेशुद्ध माणसाचं घोरणं ही झोप नसते, एवढी एक गोष्ट जरी कोकणातल्या वाडीवाडीत पोचली तरी मला माझ्या नोकरीचं सार्थक झालं असं वाटेल. जीभ हा स्नायू आहे, तो खालच्या जबड्याला धरून असतो. माणूस शुद्धीत असतो तोवर त्या स्नायूत जोर असतो. शुद्ध गेली की जीभ सैल पडते आणि उताणा असेल तर मागं जाऊन घशावर बसते. लोक म्हणतात जीभ गिळली, गिळत वगैरे कुणी नाही, ती फक्त मागं पडते. आणि डोक्याखाली उशी दिली की मान पुढं वाकते, हनुवटी छातीकडं येते, म्हणजे आधीच अरुंद झालेली वाट आपण मायेनं आणखी बंद करतो. जबडा पुढं आला की जीभ त्याच्याबरोबर पुढं येते. मानेला मार नसेल तर कपाळावर एक हात आणि हनुवटीखाली दोन बोटं, डोकं मागं, हनुवटी वर, एवढंच. पीटर सफार नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला हे पद्धतशीर तपासलं, स्वेच्छेनं आलेल्या माणसांना औषध देऊन लुळं पाडून आणि त्यांचा श्वास थांबल्यावर दुसऱ्यांनी तोंडानं हवा देऊन. त्या प्रयोगाला तयार झालेल्या माणसांबद्दल मला अजून नवल वाटतं. आपण लुळे पडणार, श्वास आपल्या हातात नसणार, हे माहीत असून ते टेबलावर झोपले.

आवाजांची मग मला सवयच लागली. घोरण्यासारखा आवाज म्हणजे जीभ. हुक्क्यासारखा गुडगुड आवाज म्हणजे घशात रक्त, उलटी किंवा लाळ आहे, तिथं जबडा उचलून भागत नाही, सक्शन लागतं, आणि सक्शन पण मोठ्या माणसाला दहा-पंधरा सेकंदांच्या वर घालायचं नाही कारण ती नळी घाणीबरोबर हवाही ओढून घेते. श्वास आत घेताना कोंबड्यासारखा कर्कश आवाज आला तर वरच काहीतरी अडकलंय किंवा सूज आलीय. सोडताना शिटी वाजली तर खालच्या नळ्या आवळल्यात, दम्याची ती. आणि दम्याच्या पेशंटची शिटी औषध न देता आपोआप थांबली, छातीत काहीच ऐकू येईना, तर तेव्हा सगळ्यात जास्त घाबरायचं, कारण शिटी वाजायलाही हवा लागते.

पण आवाजाच्या आधी नजर. आणि नजरेबद्दल मला जे सांगायचंय ते जरा अवघड आहे कारण त्यात माझीही चूक आहे.

आपल्याकडं कुठल्याही दवाखान्यातला केसपेपर काढून बघा, श्वासाच्या रकान्यात १८ लिहिलेलं असतं. नाहीतर २०. नाडी मोजतात, बीपी मोजतात, ताप बघतात आणि श्वास लिहितात. मीही लिहिलाय. पहिल्या काही महिन्यांत मी कितीतरी वेळा न मोजता १८ लिहिलं, गाडी हलते, पेशंट ओरडतोय, नातेवाईक विचारतायत किती वेळ लागेल, आणि मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० असतो म्हणून मधला आकडा टाकून मोकळं व्हायचं. मग एका आजीला आम्ही घेऊन गेलो, ताप होता, जरा गोंधळलेली होती, मी १८ लिहिलं आणि तिकडं पोचल्यावर तिथल्या सिस्टरनं तिच्या पदरावर नजर ठेवून शांतपणे तीस सेकंद मोजलं आणि म्हणाली, "मॅडम, ३४ आहे." ती मला बोलली नाही काही, फक्त आकडा सांगितला. आजीला न्यूमोनिया होता. तो तिच्या छातीवर पूर्ण वेळ दिसत होता आणि मी दीड तास तिच्या समोर बसून होते.

त्या दिवसापासून मी मोजते. मोजायची पण रीत आहे. पेशंटला सांगायचं नाही की श्वास मोजतेय, सांगितलं की माणूस लगेच श्वास ताब्यात घेतो, मोठा घेतो, हळू घेतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर पोटा-छातीवर ठेवायची. तीस सेकंद मोजून दुप्पट. श्वास अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. लहान मुलांचा नेहमी पूर्ण मिनिट, झबलं वर करून, शक्यतो ते आईच्या मांडीवर शांत असताना, कारण रडणाऱ्या बाळाच्या श्वासाला काही अर्थ नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, याच्या वर गेलं की वेगवान श्वास म्हणायचा, हे आकडे आमच्या आशाताईंना माझ्यापेक्षा पक्के पाठ असतात. एका आशाताईनं मला शिकवलं की बाळाच्या बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जातोय का ते दाराच्या उजेडाकडं पोट करून बघायचं, आडव्या उजेडात खळगा लगेच दिसतो. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

आणि माणूस बोलतो कसा हे ऐकायचं. पूर्ण वाक्य बोलतो का, की चार शब्दांवर थांबतो, की एकेक शब्द टाकतो. बसलाय कसा ते बघायचं, हात गुडघ्यावर रोवून पुढं वाकून बसलेला माणूस आपल्याला निदान अर्धं सांगूनच टाकतो.

यावरून डोलीचं सांगते. आमच्याकडं अजून कितीतरी वाड्यांत गाडी घरापर्यंत जात नाही, जांभ्या दगडाच्या पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं, उतरावं लागतं, पावसात शेवाळं, मग खुर्चीला बांबू बांधून किंवा चादरीची झोळी करून चौघं जण पेशंटला रस्त्यापर्यंत आणतात. झोळीत माणूस आडवा होतो, त्याला इलाज नाही. पण हृदय थकलेली म्हातारी माणसं, ज्यांच्या फुप्फुसात पाणी साठतं, ती आडवी केली की त्यांचा जीव घुसमटतो. एक आजोबा असे आणत होते, ते झोळीत सारखे उठून बसायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचाच मुलगा "बाबा गप पडा, पडशाल" म्हणून त्यांना परत दाबत होता. मी खालून ओरडत वर गेले, बसवा त्यांना, बसवा. एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली, तिला दोरीनं बांबू बांधले आणि बसवून आणलं. अर्ध्या पाखाडीतच त्यांचा श्वास जरा खाली बसला, अजून मी ना ऑक्सिजन लावला होता ना इंजेक्शन दिलं होतं. ज्याला दम लागलाय त्याला त्याच्या मनासारखं बसू द्या. त्याच्या शरीराला कळतं कसं बसायचं ते, आपल्याला कळायच्या आधी.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आलं. चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनीयरनं १९७४ मध्ये ती कल्पना मांडली, नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, सुई न टोचता, आणि ते आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले, नेमकं सगळं जग त्यांच्या यंत्रात बोट घालून बसलं होतं तेव्हा. पण ते यंत्र हवा आत किती जातेय ते सांगत नाही, रक्तात ऑक्सिजन किती आहे तेवढंच सांगतं. बोट गार असेल, गडद मेंदी असेल, नेलपॉलिश असेल तर तेही चुकतं. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाला ते खुशाल ९९ दाखवतं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक त्याला कळत नाही.

सगळ्यात फसवी वेळ असते ती दमलेल्या माणसाची. दम्याचा एक बारा वर्षांचा मुलगा, सॅच्युरेशन ९५, श्वास मिनिटाला ३८, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि वडील मला आकडा दाखवतायत, "९५ आहे मॅडम, बरा आहे." तो त्या ९५ साठी राबत होता. धावणाऱ्या माणसासारखा, फक्त जागेवर बसून. थोड्या वेळानं तो शांत झाला, श्वास २० वर आला, डोळे मिटायला लागला, आणि वडिलांनी सुटकेचा श्वास टाकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. औषधानं शांत होणारं मूल बोलायला लागतं, पाणी मागतं. दमून शांत होणारं मूल झोपायला लागतं. तो वाचला, वाटेत नेब्युलायझर चालू होतं, मी मास्क-बॅग, म्हणजे मास्कला जोडलेली, दाबली की हवा आत ढकलणारी पिशवी, हातात घेऊन बसले होते आणि त्याला सारखी नाव विचारत होते, शाळा विचारत होते, मास्तरांचं नाव विचारत होते.

बुडालेल्या माणसांबद्दल थोडंच सांगते, कारण त्यातलं जास्त आठवायचं नाही मला. किनाऱ्यावर बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरणं, हे सगळं थांबायला हवं. पोटातलं पाणी त्याला मारत नसतं, हवा न मिळणं मारत असतं, आणि पोट दाबलं की पोटातलं सगळं घशात येऊन उरलीसुरली वाट बंद होते. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची. मेंदू हवेशिवाय चार ते सहा मिनिटं कसाबसा तग धरतो आणि आमची गाडी त्या वेळात पोचणं जवळजवळ अशक्य. म्हणजे हे काम किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचंच आहे, होडीवाल्याचं, शहाळी विकणाऱ्याचं, माझं नाही.

तसंच घशात अडकण्याचं. फणसाची आठळी, काजूगर, चिकूची बी, गणपतीत आलेल्या पाहुण्यांच्या पोरांची प्लास्टिकची खेळणी. मूल खोकत असेल तर खोकू द्या, खोकल्याएवढा जोर तुमच्या हातात नाही. आवाज बंद झाला, खोकलाही येईना, तर वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर तळहाताच्या टाचेनं पाच दाब. मोठ्याला आधी पाठीत तशाच पाच थापा, मग पाठीमागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच दाब. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, आठळी आणखी आत जाते. हे वाचून होईल तेवढं होईल, पण आपल्या ग्रामपंचायतीत कुणाला तरी बोलावून एकदा बाहुलीवर करून बघा, हाताला आठवतं ते डोक्याला आठवत नाही.

आता मला ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगायचंय.

राजापूरकडं बदली झाल्यावरची गोष्ट, ऑगस्ट महिना. पहाटे गावातून ग्रामीण रुग्णालयात एक मुलगा आला, एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेला. तीन वाजता पोटात दुखतं म्हणून उठला, ओकला, घरच्यांना वाटलं रात्रीचं काहीतरी बाधलं. आईनं ओवा दिला. मग त्याच्या पापण्या मिटायला लागल्या तर म्हणाले झोप येतेय. त्याचा मोठा भाऊ रिक्षा चालवतो, त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं बॅटरी मारून पापण्या बघितल्या आणि म्हणाला हे झोपेचं नाही, आणि रिक्षात घालून आणला. करंगळीजवळ नीट बघितलं तरच दिसतील असे दोन ठिपके. मण्यार. आमच्याकडं कांडर म्हणतात. नाग चावल्यावर येते तशी सूज ती चावल्याजागी आणत नाही, दुखतही नाही फारसं, रात्री अंथरुणात शिरते आणि चावून जाते, आणि विष नसांच्या टोकाला जाऊन बसतं म्हणजे स्नायूला हुकूमच पोचत नाही. आधी पापण्या, मग घसा, मग मान, मग छातीचा पडदा.

तिथल्या डॉक्टरांनी प्रतिविषाच्या दहा बाटल्या सुरू केल्या होत्या. पण मण्यारीच्या बाबतीत नसांच्या टोकांचं एकदा झालेलं नुकसान प्रतिविषानं लगेच भरून येत नाही, ते शरीराला भरून काढावं लागतं, त्याला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी श्वास घ्यायचा असतो. व्हेंटिलेटर रत्नागिरीला.

मी त्याला म्हटलं, एक मोठा श्वास घे आणि त्या एका श्वासात एकपासून मोजत जा. तो चौदापर्यंत गेला. धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. आम्ही स्ट्रेचर हलवलं, कागद झाले, परत मोजायला लावलं. नऊ. आवाज नाकातून येत होता, लाळ गिळता येत नव्हती. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होतं. गाडीत घातल्यावर परत. पाच. भाऊ म्हणाला, "मॅडम, ९७ हाय ना?" मी त्याला म्हटलं, तू माझ्याबरोबर मागं बस.

सिलिंडर आमचा छोटा, बी टाइपचा. भरला की काटा दीडशेवर, साधारण पंधराशे लिटर. काटा शंभरावर होता म्हणजे हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर म्हणजे शंभर मिनिटं. राजापूर ते रत्नागिरी साठ-पासष्ट किलोमीटर, पाऊस, चौपदरीकरणाचे खड्डे आणि वळसे, दीड तास धरायचा. पुरेल. आणि नाही पुरला तरी ह्या मुलाची फुप्फुसं चांगली होती, त्याला साधी हवा आत ढकलली तरी चालणार होतं, त्याच्याकडं फक्त ओढायची ताकद नव्हती. हे स्वतःशी तीनदा म्हटलं.

हायवेला लागलो आणि त्याची छाती थांबली. मी तोंडात एअरवे, म्हणजे जीभ मागं पडू न देणारी वाकडी नळी, घातला, ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापून, मास्क दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर दाबून जबडा मास्कमध्ये वर ओढून धरला आणि पिशवी त्याच्या भावाच्या हातात दिली. एकट्यानं मास्क धरणं आणि पिशवी दाबणं दोन्ही होतं, पण हलत्या गाडीत एका हाताचा मास्क गळतो. भावाला म्हटलं, मोठ्यानं मोजायचं, एक दोन तीन चार पाच, आणि पाचला हळूच दाबायचं, छाती वर आली की सोडायचं, जोर लावायचा नाही. घाबरलेला माणूस पिशवी भराभर दाबतो, सगळेच दाबतात, शिकलेलेही दाबतात, कारण हात थांबला की आपण काही करत नाही असं वाटतं. पण भराभर दाबली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी येते, आणि सोडलेला श्वास बाहेर यायला वेळच मिळत नाही. म्हणून मोजायचं.

त्या पिशवीला आम्ही अँब्यूच म्हणतो. होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी ती १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये बाजारात आणली. त्याच्या चार वर्षं आधी, १९५२ मध्ये, त्याच देशात कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली होती, माणसं अशीच छाती लुळी पडून मरत होती, यंत्रं मोजकी होती, आणि ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी घालून हातानं पिशवी दाबून तिला जगवून दाखवलं. मग सुमारे दीड हजार मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून बसले, दिवसरात्र, कित्येक आठवडे, हातानं पिशव्या दाबत. मी हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं तेव्हा ती एक गोष्ट होती. त्या पहाटे लांज्याच्या अलीकडं एक रिक्षावाला भाऊ पिशवी दाबत होता आणि मला ते विद्यार्थी दिसत होते.

इथल्याच मातीत राबलेलं दुसरं एक नाव मला अशा वेळी नेहमी आठवतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं, मुलं फुप्फुसात पाणी होऊन, तोंडाला गुलाबी फेस येऊन मरत होती. ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले, तासातासाला काय बदलतं ते लिहीत गेले आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं ती माणसं वाचायला लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यातलं ते बसून राहणं सगळ्यात मोठं वाटतं.

आमचे पायलट काका गाडी चालवताना त्या मुलाशी बोलत होते. "बाळा, आता वळण हाय हां. आता वाईच हादरा बसंल." मी त्यांना सांगितलेलं की ह्याला सगळं ऐकू येतंय. मण्यारीच्या पेशंटचं हे लक्षात ठेवायला हवं, पापण्या मिटलेल्या, अंग मेल्यासारखं, चिमटा काढला तरी हालचाल नाही, आणि आत माणूस लख्ख जागा असू शकतो. म्हणून त्याच्याजवळ उभं राहून "काय खरं नाही" असं कधीच म्हणायचं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्टीत होता. भावाचे हात दोन दिवस आखडले होते म्हणे. मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग पापण्या उघडल्या, मग बोटं, मग नळी निघाली. मला फोनवर कळलं, मग मी विसरले नाही पण दुसऱ्या केसेस येत राहिल्या.

मार्चमध्ये शिमग्याला त्यांच्या गावात पालखी होती, गर्दी म्हणून आमची गाडी उभी होती. ढोल वाजत होते, पालखी नाचवत होते, आणि दोघं भाऊ माझ्याकडं आले, आईनं पाठवलेल्या घावण्यांचा डबा घेऊन. धाकटा जरा बारीक झालेला, पण हसत होता. मी विचारलं, काही आठवतं का रे.

तो म्हणाला, "सगळं आठवतंय मॅडम. काका सांगायचे वळण आलं म्हणून. दादा मोजायचा. मी पण त्याच्याबरोबर मनात मोजायचो, दुसरं काय करता येत नव्हतं ना."

मग तो भावाकडं वळला. "ओणीच्या पुढं तू तीनवर थांबलास."

भाऊ काही बोलला नाही. मला ते आठवलं. मोठा खड्डा आला होता, पिशवी त्याच्या हातातून उडून स्ट्रेचरखाली गेली होती आणि तो अंधारात चाचपत होता. आम्ही दोघांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, एकमेकांशीही त्यावर बोललो नव्हतो.

"तू तीनवर थांबलास," धाकटा म्हणाला, "म्हणून चार मी म्हटलं. पाच पण म्हटलं. हवा आली नाय. मग मी पुढं मोजत गेलो. अकराला आली."